केंद्रावर समुपदेशनाला जाताना: पहिल्या फोनपासून फाइल बंद होईपर्यंत

ठाण्यात आणि नवी मुंबईत समुपदेशन आता बऱ्याच ठिकाणी मिळतं. कुठे समाजमंदिराच्या पहिल्या मजल्यावर शनिवारी दुपारी, कुठे ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात, कुठे एखाद्या संस्थेच्या दोन खोल्यांत. अशाच एका केंद्रात मी नोंदणीच्या टेबलावर बसते. फोन घेणं, वेळा देणं, फॉर्म भरून घेणं हे माझं काम. आत काय बोलणं होतं ते मला कळत नाही आणि कळूही नये. पण टेबलावरून एवढं नक्की दिसतं की बरीच माणसं एकदा येऊन परत फिरकत नाहीत. कोणी नवऱ्याला सुधारून घ्यायला आलेलं असतं, कोणाला त्याच दिवशी निकाल हवा असतो, कोणी सासर-माहेर दोन्हीकडची माणसं घेऊन आलेलं असतं. पहिल्या भेटीत जे होणारच नसतं, त्याची अपेक्षा धरून माणूस येतो आणि ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून जातो. त्यामुळे काय, कधी आणि कशानंतर करायचं ते इथे क्रमाने लिहिलंय.

## १. आधी ठरवा: केंद्राची वाट बघण्यासारखं आहे का?

केंद्रं आठवड्यातून एक-दोन दिवस, ठरावीक तासच उघडी असतात. काही गोष्टी शनिवारपर्यंत थांबू शकत नाहीत.

जीव देण्याचे विचार येत असतील, आणि त्यातही ‘कसं’ नि ‘कधी’ डोक्यात ठरायला लागलं असेल, तर अपॉइंटमेंट मागत बसू नका. जवळच्या माणसाला सांगा, एकटं राहू नका, आणि १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. चोवीस तास चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. धोका समोर असेल तर ११२, किंवा सरळ जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग.

कानात आवाज येतात, कोणीतरी पाळत ठेवतंय असं ठाम वाटतं, कित्येक रात्री झोप नाही तरी अंगात प्रचंड उत्साह आहे, अशी लक्षणं दिसत असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञ. समुपदेशन त्यानंतर.

घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे.

> सावधान: रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ‘मॅडमकडे जायचंय’ म्हणून दोन-तीन दिवस आधी एकदम बंद करू नये. थरथर, भास, आकडी असं काहीही होऊ शकतं. दारू सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

आणखी एक. सतत थकवा, कशात मन लागत नाही, वजन वाढतंय, झोप येत नाही, अशी तक्रार असेल तर फॅमिली डॉक्टरला दाखवून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. समुपदेशक तेच सुचवण्याची शक्यता असते. रिपोर्ट हातात असेल तर एक फेरी वाचते.

## २. कोणत्या दाराशी जायचं?

‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी अनेक ठिकाणी दिसते आणि प्रत्येक पाटीमागे काम वेगळं असतं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ अशी पाटी असते. ते एचआयव्ही तपासणीचं केंद्र आहे. पाटीवरचा ‘समुपदेशन’ शब्द वाचून माणसं त्या रांगेत बसतात आणि तासाभराने कळतं. रुग्णालयात गेलात तर केस पेपर काढतानाच ‘मानसोपचार ओपीडी’ असं स्पष्ट सांगा.

पोलीस ठाण्याशी किंवा महिला व बालविकास विभागाशी जोडलेली महिला समुपदेशन केंद्रं कौटुंबिक वादासाठी असतात. तिथे अर्ज घेतात, नोंद होते, समोरच्या पक्षालाही बोलावलं जातं. तुम्हाला तेच हवं असेल तर उत्तम जागा. पण ‘कोणाला न कळता फक्त बोलायचंय’ असं असेल तर अर्ज देण्याआधी पुढची कार्यवाही काय, ते विचारून घ्या.

कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक दावा दाखल झाल्यानंतरच्या टप्प्यावर भेटतात. मन हलकं करायला तिकडे जाता येत नाही.

राहिली ती संस्थांची आणि वस्तीपातळीवरची केंद्रं. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. ठाण्यात अशा कामाची सवय जुनी आहे. इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून इथेच आहे. पण नाव मोठं म्हणून घोडबंदर रोडवरून तासभर ट्रॅफिकमध्ये तंगडतोड करण्यापेक्षा, महिनाभर दर आठवड्याला जाता येईल अशी जागा निवडा. लांबचं केंद्र पहिल्या पावसात सुटतं.

> ओळखीचा प्रश्न: ‘आपल्याच सेक्टरमधल्या केंद्रात गेलं तर सगळ्यांना कळेल’ ही भीती खोटी नाही. मग एक-दोन स्टेशन पलीकडचं घ्या. घणसोलीत राहणाऱ्याने कोपरखैरणे किंवा ऐरोली. ट्रान्स हार्बर लोकलने हे सहज जमतं. नौपाड्यातल्याने स्टेशन ओलांडून पूर्वेला कोपरी.

## ३. फोन: पाच मिनिटांत काय विचारायचं?

फोन घेणारी व्यक्ती बहुधा माझ्यासारखी असते, म्हणजे समुपदेशक नसते. तिला सगळी कहाणी सांगू नका. एक तर ती तुम्हाला पुन्हा आत सांगावी लागते, आणि तुमचं खासगी बोलणं विनाकारण एका जास्तीच्या माणसाला कळतं. एवढं पुरतं:

‘मला स्वतःसाठी समुपदेशनाची वेळ हवी आहे. झोप लागत नाही आणि घरात वाद होतात, असा विषय आहे. संध्याकाळी सहानंतर जमेल.’

मग विचारायचं ते हे:

- भेटणारी व्यक्ती कोण? मानसशास्त्रात एमए केलेले समुपदेशक, एमएसडब्ल्यू झालेले सामाजिक कार्यकर्ते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, प्रशिक्षित स्वयंसेवक, यांपैकी कोणीही असू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. असा दावा असेल तर नोंदणी विचारायला संकोच नको. स्वयंसेवक असणं हा दोष नाही. मात्र त्यांच्यावर देखरेख करणारा तज्ज्ञ कोण, हे कळायला हवं.
- दर वेळी तीच व्यक्ती असेल का? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दर आठवड्याला नवीन माणसासमोर पहिल्यापासून सुरुवात करावी लागली तर कोणीही कंटाळेल.
- फी किती? ‘निःशुल्क’ आणि ‘ऐच्छिक देणगी’ यांत फरक असतो. परवडत नसेल तर फोनवरच सांगा. सवलत बऱ्याच ठिकाणी असते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.
- खोली बंद होते का? समाजमंदिरात हा प्रश्न हवाच. त्याबद्दल पुढे.
- पत्ता. नवी मुंबईत सोसायटीच्या नावावर जाऊ नका. एकच नाव तीन सेक्टरमध्ये सापडतं. नोड (म्हणजे वाशी, घणसोली असा भाग), सेक्टर, प्लॉट नंबर आणि जवळची खूण, चारही लिहून घ्या.

फोन घरात सगळे हाताळत असतील तर केंद्राला आधीच सांगा: ‘व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवू नका, दुपारी दोन ते चारमध्येच फोन करा.’ आम्ही फॉर्मच्या कोपऱ्यात तसं लाल पेनने लिहितो. न सांगता आठवणीचा मेसेज गेला आणि तो दुसऱ्याच कोणी वाचला, तर मग आवरता येत नाही.

> तपासा: फोन ठेवल्यावर तुमच्याकडे वार-वेळ, समुपदेशकाचं नाव, मजला किंवा खोली आणि फी या चार गोष्टी लिहिलेल्या आहेत ना?

## ४. कोणाचं समुपदेशन, ते पक्कं करा

आमच्याकडे येणाऱ्या फोनांमध्ये ‘माझ्या मुलाला समजवायचंय’, ‘मिस्टरांना काहीतरी सांगा’, ‘सासूबाईंना आणू का?’ हे सतत ऐकू येतं. ज्याला यायचं नाही, त्याचं समुपदेशन होत नाही. पण त्याच्यामुळे ज्याची झोप उडाली आहे, त्याचं होऊ शकतं. बावीस वर्षांचा मुलगा खोलीतून बाहेर येत नसेल तर आईने स्वतःसाठी वेळ घ्यावी. त्याच्याशी कसं बोलायचं, कुठे गप्प राहायचं, स्वतःला कसं सावरायचं, यावर काम करता येतं. अशा घरांत पुढे मुलगा स्वतःहून आलेलाही पाहिलाय. ठरवून मात्र तसं होत नाही.

फसवून आणू नका. ‘चल, जरा एलआयसीचं काम आहे’ म्हणून नवऱ्याला केंद्रात आणलं की तो अर्धा तास छताकडे बघत बसतो, आणि घरी गेल्यावर जे होतं ते वेगळंच. नेमकं सांगा: ‘मला त्रास होतोय, मी बोलायला चालले आहे, तू आलास तर बरं वाटेल.’ नाही म्हणाला तर एकटीने जा.

मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची संमती लागते. तरी समुपदेशक मुलाशी काही वेळ एकट्याने बोलणारच. दाराला कान लावू नका. मुलाला आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगा की आपण कुठे आणि कशासाठी जातोय. ‘तिथल्या बाई तुला ओरडतील’ असं तर मुळीच नको.

जोडप्याने येताना दोघांची तयारी हवी. पण घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर एकत्र बसण्याचा आग्रह धरू नका. आत बोललेल्या एका वाक्याची किंमत घरी चुकवावी लागते. वेगळी वेळ घ्या आणि फोनवरच सांगा की दोघांना एकत्र बोलावू नका.

सोबतीला एक माणूस पुरे, तोही बाहेर बसणारा. चार जण आले की खोलीत पंचायत भरते.

## ५. आदल्या दिवशीची तयारी

एक पान लिहा. एकच. त्यावर: हे कधीपासून, तेव्हा आयुष्यात काय बदललं होतं, आता झोप-जेवण-काम कसं आहे, आधी कुठे दाखवलं, कोणती औषधं चालू आहेत. आणि शेवटी एक वाक्य, काय बदलायला हवं. हे वाक्य लिहिताना बहुतेकांचा हात थांबतो. ‘मला बरं वाटलं पाहिजे’ यावर काम सुरू करणं अवघड जातं. ‘ऑफिसचा फोन वाजला की छातीत धडधडतं, ते कमी व्हायला हवं’ किंवा ‘बाबांशी बोलताना आवाज चढतो, तो चढू नये’ हे चालतं.

पानाचा नमुना असा:

*फेब्रुवारीपासून. शिफ्ट बदलली, रबाळेहून रात्री दीडला घरी. झोप चार-साडेचारला. सकाळी मुलीची शाळा. चिडचिड, दोनदा मुलीवर हात उगारला. बीपीची गोळी रोज एक. दारू रविवारी. पूर्वी कुठे गेलो नाही. हवंय: मुलीवर राग निघू नये.*

इतकं लिहिलेलं असेल तर पहिली पंधरा मिनिटं वाचतात. आणि आत गेल्यावर शब्द फुटला नाही तर कागद सरळ पुढे करता येतो.

सोबत घ्या: चालू औषधांच्या स्ट्रिप्स (नाव आठवत नाही, ‘ती पांढरी गोळी’ चालत नाही), जुने प्रिस्क्रिप्शन, वाचायचा चष्मा, पाणी. आधार कार्ड लागतं का ते फोनवर विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी लागत नाही.

आणू नका: नवऱ्याच्या चॅटचे गठ्ठाभर स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, दागिन्यांच्या पावत्या. ते वकिलाकडे. समुपदेशक तुमच्या बाजूने पुरावे तपासायला बसलेली नसते.

निघताना पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. रविवारची वेळ असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघा; ट्रान्स हार्बर बंद असेल तर ठाण्याहून वाशीला बसने किती वेळ लागेल हे देवाला ठाऊक. सेशननंतरचा तासही मोकळा ठेवा. बाहेर पडल्या पडल्या मुलाच्या शाळेतल्या मीटिंगला धावायचं असेल तर आतमध्ये अर्धं लक्ष घड्याळात राहतं.

## ६. केंद्रावर पोचल्यावर

समाजमंदिराचं चित्र साधारण सगळीकडे सारखं. तळमजल्यावर हॉल, त्यात बचत गटाची बैठक किंवा गणपतीच्या आधी लेझीमची तालीम. जिन्याखाली चपलांचा ढीग. वर व्हरांड्यात निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि एका टेबलावर दोरीने पेन बांधलेलं रजिस्टर.

त्या रजिस्टरकडे जरा लक्ष द्या. तुमच्या वरच्या ओळीत आधीच्या माणसाचं नाव आणि मोबाइल तुम्हाला दिसत असेल, तर खालच्याला तुमचा दिसणार. ‘फक्त नाव लिहिते, नंबर फॉर्मवर देते’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कोणी चांगलं केंद्र त्यावर वाद घालणार नाही.

व्हरांड्यात ओळखीचं कोणी भेटलंच तर ‘इथे थोडं काम होतं’ एवढं पुरे. समोरचंही बहुधा त्याच कामाला आलेलं असतं आणि तेही तेवढंच बोलतं.

फॉर्म: तातडीच्या वेळी संपर्क कोणाचा, हा रकाना सवयीने नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावाने भरू नका. ज्याला तुम्ही इथे येता हे कळलं तर चालेल, त्याचं नाव द्या. संमतीपत्र वाचून सही करा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. फोटोसाठी वेगळी संमती मागितली तर नकार देता येतो, आणि त्यामुळे सेवा थांबत नाही. संस्थांना अहवालात फोटो हवे असतात, ती त्यांची गरज.

प्रश्नावली: अनेक ठिकाणी नऊ प्रश्नांचा कागद देतात. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला ० ते ३ गुण: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बेरीज जास्तीत जास्त २७. तो आकडा म्हणजे निदान नव्हे. सुरुवातीला किती आणि महिन्याभराने किती, हे ताडून बघायला तो लागतो. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. माणसं तिथे पेन थांबवून इकडे तिकडे बघतात आणि शून्यावर खूण करतात. खरं लिहा. होकार दिला म्हणून कोणी पोलिसांना बोलावत नाही; आत गेल्यावर त्याबद्दल आधी आणि नीट विचारलं जातं, एवढंच.

> सावधान: शेजारी नवरा किंवा आई बसून ‘हे असं नाही, तसं लिही’ सांगत असेल तर कागद उचला आणि टेबलाशी येऊन भरा. आम्ही खुर्ची देतो.

## ७. पहिलं सेशन

साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं. यातला बराचसा वेळ माहिती घेण्यात जातो. सल्ला मिळत नाही, आणि नेमकं इथेच माणसं नाराज होतात.

सुरुवातीला गोपनीयतेबद्दल सांगितलं जायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. आत बोललेलं बाहेर जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. पण त्याला अपवाद असतात. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने माहिती मागितली, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं, तर गप्प राहता येत नाही. शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे आधी माहीत असलेलं बरं; मग ‘मी विश्वासाने सांगितलं आणि तुम्ही…’ असं होत नाही.

खोलीची भिंत पातळ असेल, दार नीट लागत नसेल, बाहेरचं बोलणं आत ऐकू येत असेल, तर बाहेरच्यांनाही तुमचं येतंय. बसायच्या जागा बदलायला सांगा, पंखा वाढवा, खिडकीकडे सरका. हे बोलायला लाजून मग सगळं सेशन कुजबुजत काढणारे पुष्कळ.

मग प्रश्न येतात. घरात कोण कोण, काम काय, झोप कशी, हे कधी सुरू झालं. काही प्रश्न अवांतर वाटतील: ‘लहानपणी घरात रागावलं की काय व्हायचं?’ उत्तर द्यायचं नसेल तर ‘हे आज नको’ म्हणा. मध्येच शांतता झाली तर ती भरून काढायची गरज नाही. रडू आलं तर येऊ द्या, टेबलावर टिश्यूचा डबा असतोच. नसला तर ओढणी आहे.

नेहमी होणाऱ्या चुका:

निकाल मागणं. ‘तुम्हीच सांगा, चूक कोणाची?’ समुपदेशक हे सांगणार नाही. ‘घटस्फोट घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ हेही नाही. पहिल्याच भेटीत कोणी असं ठामपणे सांगितलं तर मी सावध होईन.

दुसऱ्याचंच बोलत राहणं. पन्नास मिनिटं सासूबाईंच्या स्वभावावर गेली तर सासूबाईंची फाइल तयार होते, तुमची नाही. ‘त्या असं म्हणाल्या’ याच्या पुढचं वाक्य ‘आणि मग मला असं झालं’ हे असू द्या.

दारू, गोळ्या, कर्ज लपवणं. रमी, बेटिंगचे ॲप हल्ली यात फार येतात. लपवलं तर पुढची पाच सेशनं चुकीच्या गोष्टीवर जातात.

दाखला मागणं. कोर्टासाठी, नोकरीसाठी, रजेसाठी केंद्रं सहसा दाखला देत नाहीत. तेच काम असेल तर आधीच विचारून वेगळ्या ठिकाणी जा.

> तपासा: उठण्याआधी विचारा: ‘माझा त्रास तुम्हाला काय समजला? आपण कशावर काम करणार? साधारण किती भेटी लागतील? डॉक्टरला दाखवायची गरज वाटते का?’ पक्का आकडा मिळणार नाही. अंदाज मिळायला हवा.

## ८. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधला आठवडा

सर्वात जास्त माणसं इथेच गळतात.

काहींना हलकं वाटतं. काहींना उलट जड वाटतं, डोकं दुखतं, जुनं आठवून रात्रभर झोप लागत नाही. एक-दोन दिवसांत हे बहुधा निवळतं. निवळलं नाही, वाढलं, तर पुढच्या वेळेपर्यंत थांबू नका, केंद्राला फोन करा. मात्र त्या रात्री कोणताही मोठा निर्णय नको: राजीनाम्याचा मेल नको, माहेरी निघून जाणं नको, भावाला चार पानी मेसेज तर नकोच. घरी धोका असेल तर गोष्ट वेगळी. तिथून निघणं लांबवायचं नाही.

घरी विचारलं जाणार: ‘काय म्हणाल्या मॅडम?’ एक वाक्य तयार ठेवा. ‘पहिलीच भेट होती, माहिती घेतली, पुढच्या शनिवारी परत बोलावलंय.’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. आत बोललेलं सगळं जेवणाच्या ताटावर मांडू नका.

गृहपाठ मिळाला तर तो करा. बरेचदा एक तक्ता देतात: प्रसंग, तेव्हा मनात आलेला विचार, भावना किती तीव्र (० ते १००), आणि मी काय केलं. भरलेली एक ओळ अशी दिसते:

*मंगळवार रात्री ९. साहेबांचा मिस्ड कॉल. / ‘आता काढून टाकणार.’ / भीती ८५. / परत फोन केला नाही, जेवलो नाही, दोन वाजेपर्यंत जागा.*

सकाळी साहेबांनी फक्त फाइल कुठे ठेवली ते विचारलं, हेही खाली लिहायचं. गंमत त्यात आहे. पण ओळ त्याच रात्री लिहायला हवी. शुक्रवारी रात्री आठवड्याचं एकदम भरलं की सगळ्या भीती साठवर येतात. वही घरात सापडण्याची भीती असेल तर फोनच्या नोट्समध्ये पासवर्ड टाकून लिहा, किंवा केंद्रात नुसतं तोंडी सांगणार असं ठरवून घ्या.

## ९. दुसऱ्यापासून पुढे

आता कामाला सुरुवात होते. वेळ चुकवायची असेल तर आदल्या दिवशी कळवा. मोफत केंद्रात तुमच्या रिकाम्या खुर्चीमुळे प्रतीक्षा यादीतलं कोणीतरी ताटकळतं, आणि न कळवता दोनदा चुकलं की काही ठिकाणी नाव मागे जातं. गणपती, दिवाळी, मे महिना यांत केंद्र कधी बंद असतं ते आधीच विचारा.

चौथ्या-पाचव्या भेटीत स्वतःहून म्हणा, ‘आतापर्यंतचा आढावा घेऊया.’ पहिल्या पानावरचं शेवटचं वाक्य काढा. धडधड कमी झाली का? पीएचक्यू-९ पुन्हा भरून बघा.

समुपदेशक जुळत नसेल तर गुपचूप यायचं बंद करण्याऐवजी टेबलावर सांगा, ‘मला दुसऱ्या कोणाकडे वेळ मिळेल का?’ कारण देण्याची सक्ती नाही. मात्र ‘ती मला माझ्या वागण्याबद्दल विचारते’ हे बदलण्याचं कारण नव्हे.

खालीलपैकी काही झालं तर थांबा आणि संस्थेच्या प्रमुखांकडे लेखी कळवा: अंगाला नकोसा स्पर्श, केंद्राबाहेर भेटण्याचा आग्रह, तुमची गोष्ट तिसऱ्याला सांगणं, जात-धर्म-लग्न यांवर प्रवचन, अंगारा-तोडगे, काही विकण्याचा प्रयत्न, डॉक्टरने दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणं.

## १०. ‘डॉक्टरला दाखवा’ म्हटलं तर

समुपदेशक औषध लिहून देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं. पाठवलं म्हणजे ‘केस हाताबाहेर गेली’ असं नाही. बऱ्याचदा औषधाने झोप आणि भूक जागेवर आली की समुपदेशनाचा उपयोग व्हायला लागतो.

ठाण्यात एक जास्तीची अडचण आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा महाराष्ट्रभरचा विनोद आपल्याच गावावर आहे, त्यामुळे प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की घरच्यांचे चेहरे पडतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. केस पेपर काढायचा, डॉक्टरला भेटायचं, औषधं घ्यायची आणि त्याच दिवशी घरी. दाखवायला गेलं की दाखल करून घेतात, हा निव्वळ गैरसमज.

समुपदेशकाकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या आणि रिपोर्टसोबत न्या. ओपीडीत डॉक्टरला वेळ कमी असतो. तुमचं ते एक पान इथेही कामाला येतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पाचव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटल्यावर आपल्या मनाने तर एकदम बंद करूच नका. औषध चालू झालं की समुपदेशकाला गोळीचं नाव सांगा. औषध नि समुपदेशन दोन्ही एकत्र चालतात.

## ११. फाइल बंद करताना

बरं वाटायला लागलं की लोक कळवत नाहीत, नुसते यायचे थांबतात. एक शेवटची भेट घ्याच. तिच्यात तीन गोष्टी मागा: पुन्हा घसरण सुरू झाली तर आधी काय दिसेल (कोणाची झोप जाते, कोणाचा फोन उचलणं बंद होतं), तेव्हा सर्वात आधी काय करायचं, आणि तुमची फाइल किती काळ ठेवली जाते, कोणाच्या कुलपात.

नोंदणी क्रमांक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. सहा महिन्यांनी परत यायचं झालं तर नव्याने फॉर्म भरायला लागू नका. टेबलावर तो क्रमांक सांगा आणि आधीच्याच समुपदेशकाची वेळ मागा.